खुनाच्या पुस्तकाला कुंकू

पुस्तकाचं नाव वाचायला माणसं मान वाकडी करतात, हे तुम्ही कधी बघितलंय का? पुस्तक खिडकीत पालथं पडलेलं असो की उशीखाली अर्धं दडलेलं असो, आलेला पाहुणा बसता बसता मान एका खांद्यावर टाकतो, नाव वाचून घेतो, मग मान सरळ करून आपल्याकडे बघतो. तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय काय होऊन जातं, याचं मला फार कुतूहल आहे. परवा समोरच्या डॉक्टरीणबाई विरजण मागायला आल्या होत्या. खिडकीत माझं पुस्तक होतं. बाईंची मान वाकडी झाली, सरळ झाली, आणि त्या म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही हे वाचता? मला वाटलं होतं तुम्ही..." पुढचं वाक्य विरजणाच्या वाटीबरोबर घेऊन त्या निघून गेल्या. मी कोण असेन असं त्यांना वाटलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कोणतं पुस्तक ते मी तुम्हालाही सांगणार नाही. तुमचीही मान वाकडी व्हायची.

श्रावण चालू आहे. आमच्या सोलापुरात श्रावण म्हणजे काही फार हिरवंगार प्रकरण नसतं. सकाळी जराशी भुरभुर येते, रस्त्यावरची धूळ जेमतेम बसते, आणि गिरणीचा दुपारचा भोंगा होईपर्यंत पुन्हा ऊन पडलेलं असतं. खरा पाऊस आमच्याकडे यायचा तो गणपती गेल्यावर, आला तर. तरी श्रावण ओळखू येतो. सोमवारी सिद्धेश्वराकडे जाणाऱ्यांची रीघ लागते, परसातला तेरडा फुलतो, आणि दुपारी कुठल्या तरी घरातून पोथीचा सूर येतो. आत्ता मी लिहायला बसले आहे तेव्हा पलीकडच्या आळीत कुणी मुलगी पोथी वाचते आहे. ओवीच्या शेवटी तिचा श्वास पुरत नाही, मग ती शेवटचा शब्द घाईनं उरकते. मीही तशीच उरकत असे. ते ऐकता ऐकता मी भवानी पेठेतल्या आमच्या घरात जाऊन बसते. माझं लग्न व्हायचं होतं, परकर जाऊन नुकतंच लुगडं आलं होतं, तेव्हाचा तो श्रावण.

आमच्या घरात हातमाग होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत. मागाचा आवाज आमच्या घराला इतका सवयीचा, की तो थांबला की माणसं दचकून बघत. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आप्पांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या आत्यानं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत पटकीनं गेला आणि ती भावाकडे परत आली ती कायमचीच. मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम तिचं. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची छोटी नळी. डाव्या हातात सूत धरायचं, उजव्यानं रहाट फिरवायचा, आणि नळीवर सूत गुंडाळत जायचं. दुपारची जेवणं झाली की आसपासच्या बायका आपापले रहाट उचलून आमच्या सोप्यात येत. एकटीनं रहाट फिरवला की हात लवकर भरून येतो, असं त्या म्हणत. त्यांत नरसम्मा हमखास असे. ती शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातली, आत्याच्याच वयाची. दोघी रोज एकदा भांडायच्या आणि रोज एकाच तांब्यातून पाणी प्यायच्या.

श्रावणात या बायकांना पोथी लागे, आणि त्या घोळक्यात अक्षरओळख फक्त मला. शाळेत चार यत्ता झाल्या होत्या, त्यावर माझा सगळा भाव. वाचणारीचा मान मोठा असतो. मी पाटावर, बाकी सगळ्या खाली जमिनीवर. पोथीला लाल फडकं, पुढे समई. हातपाय धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही. वाचणारीनं एकटीनं पुढची पानं चोरून बघायची नाहीत. अध्याय मधे सोडायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम हा, की श्रावणात धरलेली पोथी श्रावणातच पुरी करायची. अर्धी राहिली तर घराला बाधते. माझ्या तिप्पट वयाच्या बायका मला "वाचा, गोदाबाई" म्हणायच्या. पाटावरून उठले की, "गोदे, घागर भरून आण."

अडचण एकच होती. अध्याय संपायचा आणि सूत उरायचं. समईची वात बारीक करून मी पाटावरून उठले की सोप्यात झोप उतरायची. रहाट मंदावायचे, कुणाचं तरी डोकं खांबाला टेकायचं, आणि आतून आप्पांची हाक यायची, "कांड्या कुटं हायती?" मग आत्या मला म्हणायची, "दुसरं काय तरी वाच की गं. हात चालत न्हाईत नुसते."

दुसरं आणायचं तर वाचनालय होतं. आमच्या गल्लीतल्या विणकरांत वाचनालयाचे वर्गणीदार आप्पा एकटेच. त्यांना स्वतःला वाचणं जड जाई, बोट ठेवून ठेवून एकेक अक्षर. पण पोरगी पोथी वाचते याचा त्यांना भारी अभिमान, आणि तिला पोथ्या नि संतांची चरित्रं मिळावीत म्हणून त्यांनी नाव घातलं होतं. वाचनालयात बायकांनी येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तरी येत कुणीच नसे. बाजूच्या गल्लीत एक खिडकी होती, तिच्यातून पुस्तक आत द्यायचं आणि दुसरं घ्यायचं. बाजाराला जाताना मी आणि नरसम्मा तिथं थांबायचो. ग्रंथपालांना सगळे नाना म्हणत. नानांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर नेहमी चष्म्याच्या वरून.

त्या खिडकीतून मला एक गंमत दिसायची. आत भिंतीला लागून काचेची कपाटं होती, त्यांत सोनेरी अक्षरांची जाडजूड पुस्तकं. वर्तमानपत्रं वाचायला बसलेले सभ्य गृहस्थ बोलताना त्यांचीच नावं घ्यायचे. आणि नानांच्या खुर्चीमागे एक उघडी फळी होती. तिच्यावरच्या पुस्तकांचे पुठ्ठे निसटलेले, शिवण सुटलेली, पानांचे कोपरे उंदरानं खाल्ल्यासारखे. त्यांचं नाव कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मग ती फाटली कशानं? मला खरंच कोडं पडायचं. सगळे ज्यांची नावं घेतात ती कोरी करकरीत, आणि ज्यांचं नाव कुणी काढत नाही ती झिजून गेलेली, हे कसं काय होतं? नरसम्माला विचारलं तर ती म्हणाली, "वाळवी असंल."

एका दिवशी मला हवं असलेलं संतचरित्र बाहेर गेलेलं होतं. मी त्या फळीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "त्यातलं द्या." नानांनी चष्म्यावरून बघितलं. "ते डिटेक्टिव्ह आहे," ते म्हणाले. मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून मी नुसतीच उभी राहिले. "वडिलांना हवंय वाटतं," असं ते स्वतःशीच पुटपुटले, काढा प्याल्यासारखं तोंड केलं आणि पुस्तक खिडकीबाहेर सरकवलं. आप्पांबद्दल त्यांनी तेवढ्यात काहीतरी ठरवून टाकलं होतं. आप्पा त्या वेळी घरी मागावर सूत सांधत बसले होते.

पहिल्याच पानावर एक सावकार बंद खोलीत मरून पडलेला. आतून कडी, खिडकीला गज, आणि मेलेल्याच्या मुठीत लुगड्याच्या काठाचा तुकडा. मला वाचायची एकच चाल येत होती, पोथीची. मी खूनही त्याच चालीत वाचला. वाक्याच्या शेवटी सूर लांबवायचा, जरा थांबायचं, मग पुढचं वाक्य. पान संपलं तेव्हा सोप्यातला एकही रहाट फिरत नव्हता.

"तर्वात?" नरसम्मा म्हणाली. तेलुगूत म्हणजे, मग पुढं? पोथी ऐकताना ती हात जोडून गप्प असायची. हा शब्द तिच्या तोंडून पोथीच्या वेळी कधी निघाला नव्हता.

"आतनं कडी हाय," आत्या म्हणाली, "मग मारणारा भाईर गेला कसा?"

"आढ्यातनं गेला आसंल," एक बाई म्हणाली.

"आढ्यातनं जायला ते काय मांजर हाय व्हय?"

मग जी चर्चा सुरू झाली ती कांड्या भरून होईपर्यंत चालली. त्या दिवशी आप्पांना कांड्यांसाठी हाक मारावी लागली नाही. नरसम्माचा संशय डॉक्टरवर, कारण त्यानं मढ्याजवळ बसून चहा घेतला होता. पुस्तकातल्या पोलिसांचा संशय सावकाराच्या विधवा सुनेवर. तिचं नाव निघालं की आत्या रहाट थांबवायची. "तिच्यावर कशापायी घेता? हातात बांगडी न्हाई म्हणून व्हय? जे काय घरात वाईट हुईल ते तिनंच केलं." पोलिसांना ती असं बोले, पण बघायची माझ्याकडे, जसं काही मीच त्यांना परतवायला हवं होतं.

त्या दिवसापुरतं वाचून झालं आणि मी पुस्तक मिटलं. आत्या उठली, हात धुऊन आली आणि पुठ्ठ्यावर तिनं हळदीचं बोट ओढलं. मग कुंकू. मग अक्षता, आणि वर तेरड्याचं पांढरं फूल. तिला स्वतःला कुंकू लावायचं नव्हतं, पण पोथीला लावायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. बाकीच्या बायका ओळीनं येऊन पाया पडल्या.

"आत्या, ही पोथी न्हाय," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

"गोष्ट हाय."

"पोथीत काय असतंय मग?"

हातपाय धुऊन, पाटावर बसून मी वाचलं, बायांनी खाली बसून ऐकलं, समई होती, चालही तीच होती. आत्याला अक्षर येत नव्हतं, तेव्हा तिच्या दृष्टीनं पोथी म्हणजे जी अशी वाचली जाते ती. यात तिचं काय चुकलं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आज चार पुस्तकं जास्त वाचून झाली आहेत, तरी नीटसं सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून पोथी झाली की खून, असा नेमच पडला. आत्या सकाळी चूल पेटवता पेटवता विचारायची, "आज काय हुईल गं? सुटंल का ती सून?" मी म्हणायची, "मला काय ठाव? मी पुढं वाचली न्हाय." आणि खरंच वाचली नव्हती. पोथीचा नेम याही पुस्तकाला लागू आहे असं मी धरून चालले होते. पुस्तक घरातल्या फळीवर लाल फडक्यात असायचं, मी खालून वीसदा जायची, आणि हात लावायची नाही. आज कुणी मला असा नेम पाळायला लावला तर मला वेड लागेल.

आता मी शिकलेल्या बायकांत ऊठबस करते. आमच्या मंडळात महिन्यातून एकदा प्रत्येकीनं काय वाचलं ते सांगायचं असतं. मोठमोठी नावं निघतात. पुस्तक विचारप्रवर्तक होतं, बोधप्रद होतं, भाषा प्रौढ होती, वगैरे. एकदा मी एकीला विचारलं, "पुढं काय झालं हो त्याचं?" तर त्या बाई इतक्या गोंधळल्या की अध्यक्षीणबाईंनी घाईनं चहा मागवला. मला त्यांची थट्टा करायची नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. माणूस एकटा असताना काय वाचतो आणि चारचौघांत काय वाचल्याचं सांगतो, यांत अंतर का पडतं? आपण जेवणाबद्दल असं करत नाही. पिठलं आवडतं म्हणून सांगायला कुणी लाजत नाही. पुस्तकाचं मात्र सोवळंओवळं असतं, आणि ते कुणी घालून दिलं ते विचारायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तर त्या श्रावणात पुस्तकाची मुदत भरली. थोडीच पानं उरली होती. पुस्तक दाखवून आणखी काही दिवस मागून घ्यावं म्हणून मी नरसम्माबरोबर खिडकीशी गेले. नानांनी ते उघडलं आणि आतून दोन तांदूळ टेबलावर पडले. त्यांनी ते चिमटीत धरून बघितले. मग पुठ्ठा बघितला. मग आतलं एक पान, जिथं आत्याचं हळदीचं बोट उमटलं होतं.

"हे काय आहे?"

आतले गृहस्थ वर्तमानपत्रं खाली ठेवून टेबलाभोवती जमले. त्यांत एक वकीलसाहेब होते. वाचनालयाच्या सभांत सद्ग्रंथांवर भाषण करायचं ते त्यांनीच. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अहो नाना, यांच्या घरी खुनाची पूजा मांडलेली दिसते." सगळे हसले. मलाही हसणं ऐकून क्षणभर हसू आलं, मग रडू आलं.

"पुस्तक राहू दे इथंच," नाना म्हणाले. "वडिलांना पाठवून दे."

"थोडंच उरलंय हो."

"उरू दे."

परत येताना नरसम्मा मला विचारत होती, काय झालं, ते का हसले? मला लाज वाटत होती हे खरं, पण कशाची? खुनाचं पुस्तक वाचल्याची, का त्याला कुंकू लावल्याची? नानांना पहिल्याचा राग होता आणि वकिलांना दुसऱ्याचं हसू आलं होतं. मी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी चुकले होते. इतकी लाज आणि इतकं कुतूहल मला एकदम कधी वाटलेलं नाही.

आप्पांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी माग थांबवला, खड्ड्यातून वर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "पोथीच्या पाटावर मुडदा वाचतीस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मी जास्त भ्याले. "गल्लीत सांगत फिरतो मी, माझी पोरगी पोथी वाचती म्हणून. वाचनालय बंद. ही पोथी पुरी झाली की ती बी बंद. लई शिकलीस."

मी कोपऱ्यात जाऊन बसले. वाचायचंच नाही म्हटल्यावर माणसं दुपारी करतात काय, मला समजेना. रहाट फिरवतात, एवढंच डोळ्यांपुढे आलं. जन्मभर रहाट. मी आत्याकडे बघितलं. ती भावासमोर कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी उघडलं.

"रागव तिला," ती म्हणाली. "पर नामा, ती अर्दी ऱ्हायली की."

"अक्का, ती पोथी न्हाय."

"कुकू लावलंय मी तिला. श्रावणात धरलीया."

"खुनाचं पुस्तक हाय ते!"

"आसू दे की. मी कुटं न्हाय म्हनते? पर अर्दी ऱ्हायलीया."

देवाधर्माच्या बाबतीत आप्पा कुणाचं ऐकणारे नव्हते, पण हे त्यांच्या स्वतःच्याच नेमात बसत होतं. ते पुन्हा खड्ड्यात उतरले आणि माग जोरानं चालवायला लागले.

नेमकी त्याच वेळी पावसानं ओढ दिली. कोरडं वारं सुटलं. कोरड्या वाऱ्यात सूत तटातटा तुटतं, हे विणकराला कुणी सांगायला नको. आप्पा विणायचे, धागा तुटायचा, ते सांधायचे, पुन्हा विणायचे, पुन्हा तुटायचा. मागाभोवती ओलं पोतं टांगून झालं, जमिनीवर पाणी मारून झालं. आत्या दारात बसून नुसती बघायची. बायका रहाट घेऊन येत होत्या, पोथीचा अध्याय ऐकून मुकाट्यानं जात होत्या. "तर्वात?" एवढंच नरसम्मा जाताना माझ्याकडे बघून पुटपुटायची.

"वाऱ्यानं तुटतंय," आप्पा एकदा आपणहूनच म्हणाले.

"मी काय म्हनलं?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कोट घातला, पागोटं बांधलं आणि मला म्हणाले, "चल. कुटं हाय ती पोथी?" त्यांच्या तोंडून पोथी असं निघालं. ते त्यांच्या लक्षात आलं नसावं, आणि मीही आणून दिलं नाही.

त्यांनी मला खिडकीशी न थांबवता सरळ आत नेलं. मी पहिल्यांदाच वाचनालय आतून बघत होते. खिडकीतून वाटलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळच लहान होतं. नाना म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो. तुम्ही असली पुस्तकं वाचता हे मला त्याच दिवशी कळलं होतं म्हणा."

आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. "हे वाचनारा मी न्हाय, ही पोरगी हाय," एवढं बोलले असते तर त्यांची इज्जत वाचली असती, आणि ते खरंही होतं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "वाचतो की."

वर्तमानपत्रांमागून दोनचार डोकी वर आली. नानांनी सुस्कारा सोडला. काचेचं कपाट उघडून एक जाड चरित्र काढलं, त्यावरची धूळ उपरण्यानं पुसली आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "हे न्या. यानं माणूस घडतो."

"ते बी नेतो. पर आदी ते पुरं हुंद्या. घरात अर्दं ऱ्हायलंय."

"असं आहे तरी काय त्यात एवढं?"

"ठाव न्हाय," आप्पा म्हणाले. "पुरं झालं की सांगतो."

वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलून हे सगळं ऐकत होते. ते हसून म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी कशाला हेलपाटा? शेवट मी सांगतो तुम्हाला. त्या सावकाराला मारलं ते..."

आप्पांनी हात वर केला. "सांगू नगा, साहेब."

नाना सावकाश वळले आणि चष्म्याच्या वरून वकीलसाहेबांकडे बघायला लागले. माझ्या मनात एवढंच आलं, की ती फळी वाळवीनं खाल्लेली नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे, सहज चाळलं होतं एकदा." कोपऱ्यातल्या एका गृहस्थाला वर्तमानपत्राआड मोठा खोकला आला. नानांनी मागच्या फळीवरचं पुस्तक काढलं, कुंकवाच्या पुठ्ठ्यासकट आप्पांच्या हातात दिलं, आणि चरित्र पुन्हा कपाटात ठेवलं.

रस्त्यात आप्पा पुढे चालले होते. मी त्यांच्या मागून भराभर चालत होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "कोन मारतंय गं त्याला?"

"ठाव न्हाय, आप्पा. पुढं वाचायचं नसतंय."

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि आणखी झपाझप चालायला लागले.

समाप्ती श्रावणातल्या शेवटच्या दिवशी झाली. आधी खरी पोथी पुरी केली, तिची आरती केली, मग हे पुस्तक पाटावर आलं. बायका जास्तच जमल्या होत्या, कुणी कुणी फक्त ऐकायला आलेल्या, रहाटाशिवाय. मी वाचायला लागले. थोडी पानं झाल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मागाचा आवाज येत नव्हता. आप्पा आतल्या दारात उभे होते, हातात रिकाम्या कांड्यांची टोपली, म्हणजे कांड्या न्यायला आल्याचं निमित्त. मग ते उभ्याचे उकिडवे झाले, मग टोपली बाजूला ठेवून चक्क मांडी घालून बसले.

खून सावकाराच्या मुनिमानं केला होता. दार फोडेपर्यंत तो आत दाराआडच दडला होता, आणि माणसं शिरल्यावर त्यांच्यात मिसळला. सावकार गेल्यावर सगळ्यांत जास्त रडलेला तोच. मुठीतला लुगड्याचा तुकडा त्यानंच ठेवला होता, सुनेवर आळ यावा म्हणून. सून सुटली. आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "बग. मी म्हनत हुते का न्हाय?" नरसम्मा डॉक्टरला सोडायला अजून तयार नव्हती.

मी शेवटचं वाक्य सूर लांबवून वाचलं आणि थांबले. बायका हातात फुलं धरून बसून राहिल्या. कुणीच उठेना. मला आधी कळेना, मग लक्षात आलं. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ही पोथी ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल, ते तिथं सांगितलेलं असतं. मूलबाळ होईल, दुखणं जाईल, घरात धान्य येईल. ते ऐकल्यावाचून फूल वाहायचं नसतं. मी पान उलटलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"फळ?" नरसम्मा म्हणाली.

"हिला न्हाय," मी म्हटलं. "ह्या पुस्तकाला फळ न्हाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आप्पांनी मान खाली घातली. आता ते काय म्हणणार हे मला दिसत होतं. ज्याला फळ नाही ते घरात कशाला? आणि ते म्हणाले असते तर त्या सोप्यात कुणीही त्यांना चूक म्हटलं नसतं, मीसुद्धा नाही.

"हाय की," आत्या म्हणाली.

ती जागची उठली नाही. हातातल्या फुलाकडे बघत, रोजच्याच आवाजात ती बोलली. "हे गेल्यापासनं मी सकाळी उटते, कारन उजाडतंय म्हणून. उद्या काय हुईल, असं मला इतक्या वर्सांत कदी वाटलं न्हाय. व्हायचं ते हून गेलंय माझं. ह्या म्हैन्यात मला रोज वाटलं. उजाडायच्या आदी जाग यायची, की आज काय हुईल." मग तिनं फूल पुस्तकावर ठेवलं. "हेच फळ."

नरसम्मानं तिच्या फुलावर आपलं फूल ठेवलं. बाकीच्याही ठेवू लागल्या. आप्पा बसल्या जागेवरून बहिणीकडे बघत होते. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. ते उठले. पोथी वाचणारीला द्यायचा खण आणि नारळ त्यांनी माझ्या पदरात घातला आणि वाकून पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. मग खुंटीवरचं पागोटं काढून डोक्यावर ठेवत मला म्हणाले, "गोदे, वाचनालय बंद कवा हुतं गं? त्या फळीवर अशी आनकी हायती का?"